रिपोर्टर विषाणूंच्या साहाय्याने विषाणूरोधी औषधांची चाळणी: चाचणी कशी उभारावी आणि कशी पारखावी

एखादे संयुग विषाणूची वाढ रोखते का, हे पाहण्याची जुनी आणि आजही सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे प्लाक मोजणे. पेशींच्या थरावर विषाणू सोडायचा, काही दिवस थांबायचे आणि मेलेल्या पेशींचे डाग हाताने मोजायचे. दहा संयुगांसाठी हे ठीक आहे. दहा हजार संयुगांसाठी अशक्य आहे. म्हणून विषाणूच्या जनुकसंचात चमकणाऱ्या किंवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालून रिपोर्टर विषाणू तयार केले जातात. विषाणू पेशीत वाढला की प्रकाश वाढतो, औषधाने त्याला अडवले की प्रकाश घटतो, आणि यंत्र काही मिनिटांत शेकडो लहान खळग्यांची संपूर्ण प्लेट वाचते.

या सोयीची किंमत एकच आहे, पण ती मोठी आहे. यंत्र विषाणू मोजत नाही, रिपोर्टर, म्हणजे ते प्रकाश देणारे प्रथिन, मोजते. रिपोर्टर हा साक्षीदार आहे आणि चाचणी उभारणाऱ्याचे बहुतेक काम त्याची उलटतपासणी घेण्याचे असते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने या उलटतपासणीविषयी आहे. विषाणूच्या जनुकसंचाची प्रत्यक्ष बांधणी हा स्वतंत्र, परवानगीने बांधलेला विषय असून त्याची कृती येथे दिलेली नाही.

पूर्ण विषाणू खरोखर हवा आहे का?

पहिला निर्णय रिपोर्टर कोणता हा नसून, जिवंत आणि पूर्ण विषाणूची गरज आहे का हा आहे. बहुतेक वेळा ती नसते. औषधाने विषाणूच्या जीवनचक्रातील कोणता टप्पा अडवावा अशी अपेक्षा आहे, यावरून प्रणाली निवडावी.

पेशीत होणारा प्रवेश अडवणारी संयुगे शोधायची असतील, तर छद्मविषाणू पुरतो. यात एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या गाभ्यावर दुसऱ्या विषाणूचे पृष्ठप्रथिन बसवलेले असते. तो पेशीत एकदाच शिरतो, रिपोर्टर जनुक देतो आणि तिथेच थांबतो, कारण नवे कण तयार करण्याची सामग्री त्याच्याजवळ नसते. ज्या विषाणूच्या जिवंत रूपासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा लागते, त्याच्या प्रवेशाचा अभ्यास यामुळे सामान्यतः दुसऱ्या पातळीवर करता येतो. मर्यादा स्पष्ट आहे: प्रवेशानंतरच्या टप्प्यांवर काम करणारे औषध येथे दिसणार नाही, आणि दिसलेच तर ते गाभ्याच्या विषाणूवर काम करत असण्याची शक्यता अधिक.

जनुकसंचाच्या प्रती काढण्याचा टप्पा लक्ष्य असेल, तर रेप्लिकॉन वापरावा. रेप्लिकॉन म्हणजे स्वतःच्या प्रती पेशीच्या आत काढणारा, पण कण बनवणारी जनुके काढून टाकलेला विषाणूजन्य आरएनए. हेपटायटिस सी विषाणूचा रेप्लिकॉन १९९९ मध्ये ह्यू-७ या यकृतपेशींत यशस्वी झाला आणि त्याने त्या आजाराच्या औषधशोधाचे चित्रच पालटले, कारण तोवर हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत नीट वाढवताच येत नव्हता. या विषाणूच्या एनएस५ए या प्रथिनावर काम करणारे डॅक्लाटास्व्हिर हे औषध ज्या शोधमालिकेतून पुढे आले, तिची सुरुवात रेप्लिकॉनवरील चाळणीने झाली. एनएस५ए विकर (एन्झाइम) नाही. त्यामुळे शुद्ध केलेल्या विकरावर चाचण्या घेणाऱ्याला हे लक्ष्य कधी सापडलेच नसते. पेशीतील चाचणीचे खरे बळ इथे आहे.

तिसरा मार्ग रिपोर्टर विषाणूत न घालता पेशीत घालण्याचा. एचआयव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या टीझेडएम-बीएल पेशी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: या पेशींत ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराचे जनुक विषाणूच्याच नियंत्रक क्रमाच्या ताब्यात ठेवलेले असते, म्हणून विषाणूचे टॅट प्रथिन आले तरच प्रकाश पडतो. विषाणूत कोणताही बदल करावा लागत नाही, हा याचा फार मोठा लाभ आहे. दुर्दैवाने प्रत्येक विषाणूसाठी अशी नेमकी कळ उपलब्ध नसते.

हे तीनही मार्ग अपुरे ठरले, म्हणजे कणांची जुळणी, त्यांचे बाहेर पडणे किंवा संसर्गाच्या अनेक फेऱ्या पाहायच्या असल्या, तरच पूर्ण रिपोर्टर विषाणूकडे वळावे. तेव्हाही नवा विषाणू बांधण्यापेक्षा मान्यताप्राप्त संग्रहातून आधीच नीट अभ्यासलेला वाण मागवणे शहाणपणाचे असते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वी हातात हवी, आणि शक्य तिथे रोगकारकता कमी केलेला, लसीच्या वाणासारखा पाया निवडावा. रिपोर्टर घातल्याने विषाणू आपोआप सौम्य होतो, असे गृहीत धरू नये.

रिपोर्टरची निवड

विषाणूच्या जनुकसंचात जागा मोजकी असते आणि बाहेरचे प्रत्येक जनुक त्याला ओझे वाटते. म्हणून आकाराचा विचार आधी करावा. फायरफ्लाय ल्युसिफरेजमध्ये ५५० अमिनो आम्ले आहेत, रेनिला ल्युसिफरेजमध्ये ३११, हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनात २३८, आणि खोल समुद्रातील कोळंबीच्या ल्युसिफरेजवरून विकसित करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅनोल्यूकमध्ये अवघी १७१. नॅनोल्यूक लहानही आहे आणि फार तेजस्वीही, त्यामुळे अलीकडच्या रिपोर्टर विषाणूंमध्ये त्याला पसंती मिळाली यात नवल नाही.

तरीही जीएफपीसारख्या चमकणाऱ्या प्रथिनांना एक गोष्ट साधते, जी ल्युसिफरेजला साधत नाही: पेशी न फोडता, त्याच प्लेटचे दर काही तासांनी छायाचित्र घेता येते आणि किती पेशींना संसर्ग झाला हे मोजता येते. ल्युसिफरेज साऱ्या खळग्याची एकच बेरीज देते. दहा पेशी प्रखर आहेत की शंभर पेशी मंद, हे त्या बेरजेतून कळत नाही. उलट जीएफपीची पार्श्वभूमी अधिक असते, स्वतःच चमकणारी संयुगे फसवतात, आणि हे प्रथिन पेशीत दीर्घकाळ टिकत असल्यामुळे संसर्ग थांबल्यानंतरही जुनी चमक रेंगाळते. तपासायच्या संयुगांचा संग्रह मोठा असेल तर ल्युसिफरेज, संयुगे थोडी आणि प्रश्न खोल असेल तर चमकणारे प्रथिन, असा माझा कल राहील.

रिपोर्टर विषाणूची मूळ विषाणूशी तुलना

हा टप्पा घाईत गाळला जातो आणि पुढचे अनेक महिने त्याची भरपाई करण्यात जातात. चार गोष्टी तपासाव्यात.

वाढीचा आलेख: मूळ आणि रिपोर्टर विषाणू समान मात्रेत एकाच प्रकारच्या पेशींवर सोडून ठरावीक तासांनी दोहोंचे उत्पादन मोजावे. रिपोर्टर विषाणू थोडा मंद असणे स्वाभाविक आहे. तो फारच मंद असेल, तर मात्र औषधांना तो वाजवीपेक्षा अधिक बळी पडतो आणि दुर्बल संयुगेही सबळ भासतात.

स्थैर्य: विशेषतः आरएनए विषाणू उपयोगाचे नसलेले जनुक काही पिढ्यांत टाकून देतात. रिपोर्टर टाकलेला विषाणू वेगाने वाढतो, त्यामुळे साठ्यात त्याचेच प्राबल्य होते. आणि तो प्रकाश देत नसल्याने यंत्राला दिसत नाही. साठा पुन्हा पुन्हा वाढवताना दर वेळी किती टक्के प्लाक अजून प्रकाशमान आहेत ते पाहावे, पीसीआरने घातलेला भाग अखंड आहे का ते तपासावे, आणि संपूर्ण चाळणीसाठी कमी पिढ्यांचा एकच मोठा साठा करून लहान कुप्यांत गोठवून ठेवावा.

साठ्याबरोबर आलेला प्रकाश: विषाणू वाढवलेल्या द्रवात आधीच तयार झालेले रिपोर्टर प्रथिनही असते. नॅनोल्यूक फार तेजस्वी असल्यामुळे हे सोबत आलेले प्रथिन पहिल्या काही तासांत संसर्गाचा आभास निर्माण करते. विषाणूच्या प्रती काढणे पूर्णपणे थांबवणाऱ्या ज्ञात औषधाच्या भरपूर मात्रेतही जो प्रकाश उरतो, तो या चाचणीचा खरा तळ होय. विषाणूविरहित खळग्यांचा तळ याहून खाली असतो आणि तोच वापरल्यास प्रत्येक औषध अपूर्ण काम करत असल्याचे दिसते.

ज्ञात औषधांचा प्रतिसाद: त्या विषाणूवर काम करणारी, पण वेगवेगळे टप्पे अडवणारी दोन-तीन औषधे घेऊन दोन्ही विषाणूंवर त्यांची अर्धप्रभावी मात्रा, म्हणजे ईसी५०, काढावी. दोन आकड्यांत दुप्पट-तिप्पट फरक हा अशा चाचण्यांच्या नेहमीच्या चढउतारात मोडतो. दहापट फरक आला, तर विषाणू बदलावा.

पेशींची निवड

व्हेरो पेशी विषाणूशास्त्रात सर्वत्र वापरल्या जातात, कारण त्या इंटरफेरॉन हे विषाणूपासून बचाव करणारे प्रथिन तयार करू शकत नाहीत आणि अनेक विषाणू त्यांच्यात मुक्तपणे वाढतात. पण त्या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी आहेत आणि औषधांच्या बाबतीत त्या माणसाच्या फुप्फुसासारख्या किंवा यकृतासारख्या वागतीलच असे नाही. क्लोरोक्विनचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. व्हेरो पेशींत ते कोविडच्या सार्स-कोव्ह-२ विषाणूला अडवत होते, कारण तिथे विषाणू पेशीच्या आम्लधर्मी पिशव्यांतून आत शिरतो. माणसाच्या फुप्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींत टीएमपीआरएसएस२ हे विकर असते, विषाणू त्याच्या मदतीने पेशीच्या पृष्ठभागावरूनच शिरतो, आणि तिथे क्लोरोक्विनचा उपयोग झाला नाही, हे २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते.

उलट दिशेची चूकही होते. व्हेरो पेशी काही औषधे आपल्या पंपांनी बाहेर फेकतात, त्यामुळे चांगले संयुगही निष्प्रभ वाटते. सोफोसबुव्हिर किंवा रेमडेसिव्हिर यांसारखी पूर्वऔषधे पेशीतील विकरांनी सक्रिय केल्याशिवाय काम करत नाहीत. ती विकरे ज्या पेशींत तुरळक असतात, तिथे त्यांचे मोल कळत नाही. म्हणून प्राथमिक चाळणी सोयीच्या पेशींत घ्यावी, पण निवडलेले प्रत्येक संयुग, आजार ज्या अवयवात होतो तेथील मानवी पेशींत दुसऱ्यांदा तपासावे.

विषाणूची मात्रा आणि वाचनाची वेळ

प्रति पेशी सरासरी किती संसर्गक्षम कण सोडले, यावरून किती पेशी बाधित होतील हे प्वासाँच्या सूत्राने काढता येते. सरासरी ०.१ असेल तर सुमारे ९.५ टक्के पेशी बाधित होतात. सरासरी १ केली तरी सगळ्या नव्हे, तर सुमारे ६३ टक्केच होतात. मात्रा अधिक ठेवली तर प्रकाश भरपूर मिळतो, पण एकेका पेशीत अनेक विषाणू शिरल्याने प्रवेश रोखणारी संयुगे हरतात. शिवाय पहिल्याच फेरीत बहुतेक पेशी व्यापल्या गेल्यामुळे कणांची जुळणी किंवा सुटका अडवणाऱ्या औषधांना आपला परिणाम दाखवायला दुसरी फेरीच मिळत नाही. कमी मात्रा आणि दोन-तीन फेऱ्यांइतका वेळ ही जोडी सर्व टप्प्यांवरील औषधांना न्याय देते.

वाचनाची वेळ ठरवण्यासाठी विषाणूच्या मात्रेची क्रमाने निम्मी होत जाणारी मालिका करावी आणि वेगवेगळ्या तासांना प्रकाश मोजावा. मात्रा निम्मी केल्यावर प्रकाशही सुमारे निम्मा होतो, त्या पट्ट्यातच काम करावे. आलेख वर जाऊन सपाट झाला असेल, तर वेळ टळली आहे असे समजावे: तिथे नव्वद टक्के विषाणू अडवणारे संयुगही प्रकाशात जेमतेम फरक पाडते.

प्लेटची मांडणी आणि झेड-प्राइम

३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खळग्यांतील द्रव लवकर उडून जातो आणि तिथल्या पेशी वेगळ्या वागतात. पेशी पेरल्यानंतर प्लेट लगेच उबवणीयंत्रात न ठेवता थोडा वेळ सामान्य तापमानाला ठेवली, तर पेशी कडांकडे सरकण्याचे प्रमाण घटते. कडेच्या रांगा रिकाम्या सोडता आल्या तर उत्तम. नियंत्रणाचे, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना किंवा पूर्ण रोखलेल्या संसर्गाचे, खळगे एकाच स्तंभात कोंबण्यापेक्षा प्लेटभर विखरून ठेवावेत. संयुगे ज्या डीएमएसओमध्ये विरघळवलेली असतात, त्याचे प्रमाण सर्व खळग्यांत, नियंत्रणांतसुद्धा, अगदी सारखे असावे. साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत बहुतेक पेशी ते सहन करतात, पण आपल्या पेशींची सहनशक्ती स्वतः तपासावी.

चाचणी चाळणीला लायक आहे का, हे झेड-प्राइम या निर्देशांकाने ठरवतात. तो १९९९ मध्ये मांडला गेला. दोन नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांची, म्हणजे वाचने सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्या मापांची, बेरीज करावी, तिला तीनने गुणावे, दोन सरासरींमधील फरकाने भागावे आणि आलेली संख्या एकातून वजा करावी. उदाहरणार्थ, औषधाविना संसर्गाची सरासरी १,००,००० आणि विचलन ८,०००, तर पूर्ण रोखलेल्या संसर्गाची सरासरी ५,००० आणि विचलन १,००० असेल, तर ९,००० ची तिप्पट २७,००० भागिले ९५,००० म्हणजे ०.२८, आणि झेड-प्राइम ०.७२. ही चाचणी उत्तम आहे. आता सरासरी त्याच ठेवून विचलने २०,००० आणि २,००० केली, तर निर्देशांक ०.३१ वर घसरतो. दोन्ही उदाहरणांत प्रकाश तळाच्या वीसपट आहे. नुसते 'वीसपट प्रकाश मिळतो' असे सांगणाऱ्याकडे विचलन मागावे, ते यासाठी. ०.५ च्या वरचा आकडा सलग अनेक प्लेट्सवर आणि वेगवेगळ्या दिवशी टिकला, तरच संग्रहाला हात घालावा. प्रत्येक प्लेटवर एका ज्ञात औषधाची ईसी५० इतकी मात्रा काही खळग्यांत ठेवली, तर चाचणीची संवेदनशीलता कुठे ढळली ते त्याच दिवशी लक्षात येते.

सापडलेल्या संयुगांची छाननी

प्राथमिक चाळणीत प्रकाश घटवणाऱ्या संयुगांपैकी मोठा भाग विषाणूरोधी नसतो. त्यांची कारणे ओळखून एकेक बाजूला काढावी लागतात.

सर्वांत सामान्य कारण विषारीपणा. पेशी मेली की विषाणूही वाढत नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच पेशींवर, विषाणूविना समांतर प्लेट चालवून निम्म्या पेशी मारणारी मात्रा, म्हणजे सीसी५०, काढावी. पेशी मेल्या नसल्या तरी त्यांची प्रथिननिर्मिती मंदावली असू शकते. सायक्लोहेक्झिमाइडसारखे संयुग कोणत्याही रिपोर्टर विषाणूचा प्रकाश झटक्यात घालवते. विषाणूशी संबंध नसलेल्या साध्या नियंत्रक क्रमाखाली तोच रिपोर्टर सतत बनवणाऱ्या पेशी तयार ठेवाव्यात. तिथेही प्रकाश घटला, तर संयुग वगळावे.

दुसरे कारण रिपोर्टरवरच होणारा परिणाम. अनेक लहान संयुगे फायरफ्लाय ल्युसिफरेजला थेट चिकटतात. त्यातली काही त्या विकराला पेशीत विघटनापासून वाचवतात, त्यामुळे प्रकाश घटण्याऐवजी वाढलेलाही दिसतो; पीटीसी१२४ या संयुगाबाबत २००९ मध्ये हेच दाखवण्यात आले आणि ल्युसिफरेजवर आधारलेल्या चाळण्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. येथे एक कोपरा सहज नजरेतून सुटतो: पेशींची जीवनक्षमता एटीपी मोजून ठरवणारे प्रचलित संच स्वतः फायरफ्लाय ल्युसिफरेज वापरतात. त्यामुळे ल्युसिफरेज रोखणारे संयुग तिथे विषारी भासते. जीवनक्षमतेसाठी रेझाझुरिनसारखी वेगळ्या तत्त्वाची पद्धत किंवा केंद्रकांची मोजणी वापरावी, म्हणजे दोन्ही चाचण्या एकाच दोषाने एकदम चुकणार नाहीत.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. धन प्रभार धारण करणारी आणि स्निग्धात विरघळणारी अनेक जुनी औषधे पेशीच्या पाचक पिशव्यांत साठतात आणि तिथे फॉस्फोलिपिड साचवतात. संवर्धनातील पेशींत अशी औषधे सार्स-कोव्ह-२ विरुद्ध परिणामकारक दिसली. पण तो परिणाम या साचण्याशी निगडित असून प्राण्यांत त्याचा उपयोग होत नाही, असे २०२१ मध्ये दाखवले गेले. एकमेकांशी रचनेचे नाते नसलेली मनोविकारांची, ॲलर्जीची आणि हृदयाची औषधे एकाच यादीत वर आली, तर आनंदापूर्वी संशय यावा.

या सर्वांतून उरलेले संयुग रिपोर्टर नसलेल्या मूळ विषाणूवर, प्लाक मोजून किंवा आरटी-पीसीआरने आरएनए मोजून तपासलेच पाहिजे. ही अट शिथिल करू नये. रिपोर्टरने दिलेली साक्ष रिपोर्टरनेच खरी ठरवता येत नाही.

मात्रा-प्रतिसाद आणि कार्यपद्धतीचा माग

किमान आठ मात्रांची, प्रत्येक पायरीला तीनपट विरळ होणारी मालिका घेऊन ईसी५० आणि सीसी५० काढावे. सीसी५० भागिले ईसी५० म्हणजे निवडकता निर्देशांक. सर्वोच्च मात्रेतही पेशी जगल्या असतील, तर सीसी५० त्या मात्रेहून 'अधिक' एवढेच लिहावे, अंदाजे आकडा लिहू नये. आलेखाचा उतार अतिशय तीव्र असेल, तर संयुगाचे गोळे होऊन ते प्रथिनांना सरसकट चिकटत असल्याची शंका घ्यावी. हीच मालिका अधिक रक्तद्रव्य मिसळूनही करावी. रक्तातील प्रथिनांना घट्ट बांधले जाणारे संयुग तिथे कित्येक पट दुबळे पडते.

संयुग कोणता टप्पा अडवते याचा पहिला अंदाज वेळ बदलून मिळतो. संसर्गापूर्वी, संसर्गाच्या वेळी आणि त्यानंतर दर एक-दोन तासांनी संयुग घालावे आणि ज्ञात औषधांच्या आलेखांशेजारी त्याचा आलेख ठेवावा. प्रवेश रोखणारे संयुग तासाभराच्या उशिराने निकामी होते. प्रती काढणाऱ्या विकराला अडवणारे काही तास उशिरा घातले तरी चालते. याहून नेमका पुरावा प्रतिकारक्षम उत्परिवर्तनांतून मिळतो: एनएस५ए हे डॅक्लाटास्व्हिरचे लक्ष्य आहे हे तशाच उत्परिवर्तनांवरून निश्चित झाले. मात्र औषधाला न जुमानणारा पूर्ण विषाणू मुद्दाम निर्माण करणे ही गंभीर जैवसुरक्षेची बाब आहे. हा प्रयोग शक्यतो संसर्ग पसरवू न शकणाऱ्या रेप्लिकॉनमध्येच करावा आणि त्यासाठी समितीची स्वतंत्र मंजुरी घ्यावी. चाळणीसाठी मिळालेली परवानगी त्याला लागू होत नाही.

शेवटचे काम रसायनाचे आहे. संग्रहातील द्रावणे वर्षानुवर्षे गोठवली आणि वितळवली गेलेली असतात. त्यांत पाणी शिरते, संयुग तुटते, आणि परिणाम कधी कधी एखाद्या अशुद्धीचा किंवा सूक्ष्म प्रमाणातील धातूचा निघतो. म्हणून यादीत उरलेले प्रत्येक संयुग भुकटीच्या रूपात नव्याने, शक्य असल्यास दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवावे, वस्तुमान वर्णपटाने त्याची ओळख आणि शुद्धता पडताळावी, आणि ताज्या द्रावणाने ईसी५० पुन्हा काढावा. जुना आणि नवा आकडा जुळल्यावरच ते संयुग रसायनशास्त्रज्ञांच्या हाती सोपवावे.